मराठीच्या पेपराचा अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

दहावीचा निकाल लागला की दोन-तीन दिवस माझ्या फोनला उसंत नसते. पेढ्यांचे फोन येतात, तसे तक्रारींचेही येतात. तक्रार बहुधा ठरलेली. "बाई, गणितात ९२, विज्ञानात ८९ आणि मराठीत ७१! घरात आम्ही मराठीच बोलतो हो. मग मराठीत गुण जातात कुठे?"

यात रागापेक्षा गोंधळ जास्त असतो. गणिताचा अभ्यास म्हणजे काय हे आईवडिलांना ठाऊक असतं, उदाहरणं सोडवायची. इतिहास वाचायचा आणि लक्षात ठेवायचा. मराठीचं काय करायचं? "धडे वाच, गाइड बघ, दोन-चार निबंध तयार ठेव." सल्ला इथेच संपतो. म्हणून मराठीचा अभ्यास नेहमी 'उरलेल्या वेळात' होतो, आणि उरलेला वेळ नावाची गोष्ट दहावीच्या वर्षात नसते.

राज्य मंडळाचा प्रथम भाषा मराठीचा पेपर समोर ठेवून हा गुंता उकलून बघू. दुसऱ्या मंडळाचा किंवा दुसऱ्या भाषेचा पेपर असला तरी गाभा फारसा वेगळा निघत नाही.

## आधी पेपर काय मागतो ते बघा

पूर्वी प्रश्नपत्रिका असायची, आता 'कृतिपत्रिका' असते. हा शब्द एकदाच समजून घेऊ. 'अमक्या धड्यात लेखकाने काय सांगितले आहे?' असा सरळ प्रश्न न विचारता समोर उतारा द्यायचा आणि त्यावर काहीतरी करायला सांगायचं. चौकट भरा, ओघतक्ता पूर्ण करा, कारण लिहा, हे उत्तर येईल असा प्रश्न तयार करा, तुमचं मत मांडा. म्हणजे धडा छापून समोर दिलेलाच असतो. तो आठवायचा नाही, वापरायचा.

दहावीला हा बदल २०१८च्या नव्या पुस्तकांबरोबर आला आणि मार्च २०१९च्या परीक्षेत पहिल्यांदा दिसला. त्याच वर्षी भाषांचे शाळेच्या हातातले २० गुणही काढून घेतले होते. २०१८मध्ये ८९.४१ टक्के लागलेला दहावीचा निकाल २०१९मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. (२०२०च्या निकालाला कोरोनाचाही हात होता. भूगोलाचा पेपरच रद्द झाला होता. सगळं श्रेय किंवा दोष त्या २० गुणांवर टाकू नये.)

आता लेखी पेपर ८० गुणांचा. गद्याला १८, कवितेला १६, स्थूलवाचनाला (पूरक वाचनाच्या पाठांना) ६, भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४. पत्र किंवा सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध हे सगळं उपयोजित लेखनात येतं.

या ८० गुणांपुढे पेन्सिल घेऊन बसा. पाठ करून लिहिताच येणार नाहीत असे गुण किती? कधीच न वाचलेला उतारा, ज्याला 'अपठित' म्हणतात, ४ गुणांचा. दोन पठित उताऱ्यांवरची 'स्वमत' कृती, ३ आणि ३ मिळून ६. लेखनाचे २४. हे झाले ३४. समास, शब्दसिद्धी, वाक्प्रचार, शुद्धलेखन यांचे १६ गुण पाठांतरापेक्षा सरावाने येतात. ते धरले तर ५०. म्हणजे ८०पैकी ५० गुण गाइडमध्ये छापलेलेच नाहीत. मुलगा गाइड वाचत होता तो उरलेल्या ३० गुणांसाठी.

## 'वाचता येतं' आणि 'समजतं' यात अंतर आहे

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६मध्ये एक साधी मांडणी केली. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, अक्षरांवरून शब्द ओळखता येणं. दुसरी, ती भाषा कानाने ऐकून समजणं. लक्षात घ्या, त्यांनी बेरीज म्हटलं नाही. बेरजेत एक बाजू पडली तर दुसरी थोडंफार सांभाळून घेते. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की सगळं शून्य.

नववी-दहावीत बहुतेक मुलांची पहिली बाजू 'येते', पण हाताला बसलेली नसते. नव्याने पोळ्या करणारी व्यक्ती आठवा. पोळी गोल होतेय का, फाटतेय का, तवा जास्त तापला का, सगळं लक्ष तिकडेच. मध्येच कुणी काही विचारलं तर एक पोळी करपणार. हात बसलेली बाई मात्र लाटता लाटता फोनवर बहिणीशी भांडून घेते. जोडाक्षरावर अडखळत, शब्द शब्द तोडत वाचणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष लाटण्यातच जातं. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात सुटलेली असते.

हे घरी दोन मिनिटांत तपासता येतं. पेपरातली एखादी बातमी मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. चुका मोजू नका, श्वास कुठे घेतो ते ऐका. जो मुलगा अर्थाच्या जागी थांबतो, त्याला कळतंय. जो ओळ संपते तिथे थांबतो, तो अजून अक्षरंच वाचतोय. मी वर्गात पहिल्या आठवड्यात एवढंच करते. सराव परीक्षेपेक्षा त्यातून जास्त कळतं.

दुसरी बाजूही वाटते तितकी सोपी नाही. 'घरात मराठी बोलतो' हे खरं, पण जेवताना बोलतो ती मराठी आणि उताऱ्यातली मराठी यांची ओळख नुसती येताजाता हसण्यापुरती असते. 'तथापि', 'अपरिहार्य', 'परिणामी', 'किंबहुना' हे शब्द घरात कोण वापरतं? शिवाय शब्द माहीत असूनही विषय परका असला तर उतारा दगडासारखा लागतो. १९८८मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल पक्का माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट घाला आणि वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघा. 'फॉलोऑन' म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागत नाही.

म्हणून आठवड्याला दोन-तीन वेगवेगळ्या विषयांवरचे छोटे लेख वाचणं ही अपठित उताऱ्याची थेट तयारी आहे. धरण कसं बांधतात, मधमाश्या काय करतात, वारली चित्रं कोण काढतं, कापसाचा भाव कसा ठरतो. परीक्षेत यातलं काही येईल म्हणून नव्हे, तर उताऱ्यात काहीही आलं तरी ते अगदीच परक्या गावचं वाटू नये म्हणून.

## एक उतारा, तीन मजले

नुसतं सांगून उपयोग नाही. हा उतारा मी वर्गासाठी लिहिला आहे.

"आमच्या गावच्या एसटी स्टँडावर एक पाणपोई आहे. तिच्यावर कोणाचेही नाव नाही. रोज पहाटे कोणीतरी रांजण धुऊन ठेवते, ताजे पाणी भरते आणि पहिली गाडी यायच्या आत निघून जाते. एकदा आठ दिवस रांजण कोरडा राहिला. तेव्हा गावाला समजले, की बाजूच्या सायकल दुकानातले आबा आजारी आहेत. नवव्या दिवशी पहाटे मात्र शाळेतली चार मुले हातात कळशा घेऊन आली."

तळमजल्यावरचा प्रश्न: रांजण किती दिवस कोरडा राहिला? उत्तर उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येतं. इथे गुण जातात ते घाईमुळे. 'नववा दिवस' दिसला की काही मुलं नऊ लिहून मोकळी होतात.

पहिल्या मजल्यावरचा प्रश्न: रोज पाणी कोण भरत असे? सगळा वर्ग एका सुरात "आबा" म्हणतो. मग मी विचारते, "असं कुठे लिहिलंय? ओळ दाखवा." वर्ग गप्प. कारण आबा पाणी भरतात असं एकाही वाक्यात लिहिलेलं नाही. रांजण कोरडा राहिला, आणि त्यावरून आबा आजारी असल्याचं गावाला समजलं, या दोन गोष्टी मुलांनी आपल्या मनात एकमेकींना बांधल्या. ही गाठ बांधणं म्हणजेच आकलन. बहुतेक मुलांना ते जमतं, पण आपण काय केलं हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून उतारा थोडा अवघड झाला की ते जमेनासं होतं.

ते नजरेत यावं म्हणून एकच सवय लावायची. प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीने लिहायचं, 'कुठून कळलं?' तळमजल्याचं उत्तर असेल तर वाक्याचा क्रमांक. वरच्या मजल्याचं असेल तर ज्या दोन वाक्यांना गाठ मारली त्यांचे क्रमांक. पंधरा दिवस हे केलं की मुलं उत्तर 'आठवायला' छताकडे बघत नाहीत, उताऱ्याकडे बघतात.

'उत्तर येईल असा प्रश्न तयार करा' ही कृती मला सगळ्यात आवडते. उत्तर आहे 'रांजण'. मुलगा लिहितो, 'स्टँडावर काय आहे?' त्याचं उत्तर पाणपोईही येईल. 'रोज पहाटे कोणती वस्तू धुऊन ठेवली जाते?' याला मात्र रांजणाखेरीज उत्तर नाही. असा नेमका प्रश्न विचारता येणाऱ्या मुलाला उतारा समजलेला असतो, वेगळं तपासायची गरज उरत नाही.

## स्वमत: इथे सगळी मुलं एकच माणूस होतात

दुसरा मजला स्वमताचा. या उताऱ्यावर विचारता येईल: 'नाव न लावता केलेले काम' याविषयी तुमचे मत लिहा. वर्गात ४० वह्या गोळा केल्या तर ३० वह्यांमध्ये साधारण हे सापडतं:

'समाजसेवा ही काळाची गरज आहे. आजच्या धावपळीच्या युगात माणूस माणसाला विसरत चालला आहे. आपण सर्वांनी निःस्वार्थ भावनेने समाजसेवा केली पाहिजे. तरच आपला देश महान बनेल.'

व्याकरणाची चूक नाही. मतही नाही. हे उत्तर पाणपोईला चालतं, वृक्षारोपणाला चालतं, रक्तदानालाही चालतं. एकाच मापाचा गणवेश सगळ्यांना घालावा तसं. आता एका मुलीने सुधारून लिहिलेलं बघा:

'नाव न लावता केलेले काम थांबल्यावरच दिसते, असे मला वाटते. आबा आठ दिवस आले नाहीत तेव्हा गावाला त्यांची आठवण झाली. आमच्या चाळीत जिन्यातला दिवा रोज संध्याकाळी लागलेला असतो. तो कोण लावते हे मी हा उतारा वाचेपर्यंत कधी विचारले नव्हते.'

शब्द थोडे जास्त आहेत. पण यात मत आहे, उताऱ्यातला आधार आहे आणि तिचा स्वतःचा जिना आहे. स्वमताच्या तीन गुणांसाठी या तीन गोष्टी पुरतात. मुलांना मी सांगते, तुमचं उत्तर शेजारच्या मुलाने जसंच्या तसं लिहिलं तर चालेल का? चालत असेल तर ते खोडा.

## "पण गाइड पाठ करूनही गुण मिळतातच की!"

मिळतात. नाही म्हणणं खोटं होईल. पठित उतारे पाठ्यपुस्तकातलेच असतात, कवितांची माहिती ठरलेली असते, आणि काठावर असलेल्या मुलाला पाठांतराने ३५च्या पलीकडे जाता येतं. ज्याला नुसतं पास व्हायचं आहे आणि हातात तीन आठवडे उरले आहेत, त्याला मी गाइड टाकून दे असं सांगणार नाही.

पण पाठ करायचंच तर निदान नीट करा. उत्तर पाच वेळा वाचणं हा अभ्यास नाही, ती ओळख आहे. पाचव्यांदा वाचताना 'हे येतं मला' असं वाटतं, कारण चेहरा ओळखीचा झालेला असतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६मध्ये महाविद्यालयीन मुलांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर चित्र उलटं. लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२.

म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री 'सगळं येतंय' असं वाटणं हा पाच मिनिटांनंतरचा निकाल आहे. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, मग उघडून बघा. मुलांना ते आवडत नाही, कारण काय येत नाही ते लगेच दिसतं.

## लिहिण्याचे २४ गुण

पत्राबद्दल थोडक्यात. आता पत्र ई-मेलच्या धर्तीवर लिहायचं, सगळं डावीकडून. दिनांक, प्रति, विषय, मजकूर, मग आपलं नाव-पत्ता. चुका मजकुरात कमी आणि विषयाच्या ओळीत जास्त होतात. 'विषय: पुस्तकांबाबत' हा विषय नव्हे. पुस्तकं मागवायची आहेत, परत करायची आहेत की फाटकी आली आहेत? विषयाची ओळ वाचून पत्र कोणत्या टेबलावर पाठवायचं ते कारकुनाला कळलं पाहिजे.

पत्राऐवजी सारांश निवडता येतो. अपठित उताऱ्याचाच एकतृतीयांश सारांश लिहायचा असतो. बरीच मुलं घाबरून तो सोडतात. माझं मत उलटं आहे. ज्याला उतारा समजला, त्याच्यासाठी हे पत्राइतकंच सुरक्षित आहे. पाणपोईचा उतारा ५४ शब्दांचा आहे, म्हणजे १८च्या आसपास शब्द हवेत. पहिल्या झटक्यात मुलं उताऱ्यातली पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य उचलतात. तो सारांश नाही, ती कात्री. काही मुलं 'थोर समाजसेवक आबांचे निःस्वार्थ कार्य' लिहितात. 'थोर' उताऱ्यात कुठे होतं? सारांशात आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

वर्गात शेवटी जमलेला सारांश असा: 'स्टँडावरची पाणपोई सायकल दुकानातले आबा गुपचूप रोज भरत, ते आजारी पडल्यावर त्या कामाला शाळेतली मुले पुढे आली.' सतरा शब्द. रांजण गेला, पहिली गाडी गेली, आठ दिवस गेले. घर बदलताना टेम्पो एकच असला की काय न्यायचं ते आपण ठरवतोच, तसंच हे.

बातमीत मुलं हमखास निबंध लिहितात. 'आमच्या शाळेत मोठ्या उत्साहात आणि आनंदात...' हा उत्साह बातमीदाराला कुठून दिसला? शीर्षक, स्थळ, दिनांक, काय झालं, कोण उपस्थित होतं. झालेली गोष्ट भूतकाळात. स्वतःचं मत शून्य. स्वमतात जे हवं तेच इथे नको, आणि या दोन टोप्या तीन तासांत बदलत राहणं हीच खरी कसरत आहे.

आणि आता निबंध. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यांतला एक, ८ गुणांचा. आत्मकथन सगळ्यांचं लाडकं, कारण ते तयार करून नेता येतं असा समज. 'मी फळा बोलतोय' दिलं की ४०पैकी निम्म्या वह्या अशा सुरू होतात: 'मी वर्गात एकटाच बसलो होतो. इतक्यात मला आवाज आला. मी दचकून इकडे तिकडे पाहिले...' वर्षानुवर्षं मुलं दचकतायत. झाड बोललं तरी दचकतात, छत्री बोलली तरी दचकतात. पेपर तपासणाऱ्याला मात्र दचकायला काही उरलेलं नसतं.

एका मुलीने या फळ्याच्या निबंधात लिहिलं होतं: 'शनिवारी शाळा सुटते. सोमवार सकाळपर्यंत माझ्यावर शनिवारचाच सुविचार असतो आणि तो वाचायला कोणी नसते.' एवढ्या दोन वाक्यांत ती फळा झाली होती. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, मी आधी खिडकीतून रिकामा वर्ग आठवला." निबंधाची तयारी म्हणजे मला हेच वाटतं. आठवड्याला एक वस्तू किंवा एक जागा घ्यायची, आणि नीट बघितल्याशिवाय कळणार नाहीत अशा तिच्या पाच गोष्टी लिहायच्या. रिक्षाचा मीटर. पाण्याची टाकी. आजीचा चष्म्याचा डबा. निबंध पूर्ण लिहायचाच असं नाही. पाच गोष्टी जमा झाल्या की निबंध उभा राहतो.

कवितेच्या विभागातल्या रसग्रहणाबद्दल एकच. आशय, काव्यातलं सौंदर्य आणि भाषा या तीन अंगांनी लिहा असं सांगितलेलं असतं. 'कवीने साध्या सोप्या शब्दांत' हे वाक्य लिहिलं तर त्या शब्दांपैकी एक तरी उचलून दाखवा.

## ऱ्हस्व-दीर्घाची भीती

शुद्धलेखन म्हणजे अंदाजपंचे, असं मुलांना वाटतं. तसं नाही. आज आपण वापरतो ते नियम साहित्य महामंडळाचे. शासनाने १९६२मध्ये १४ मान्य केले आणि १९७२मध्ये आणखी ४ जोडले. एकूण १८, आणि रोज लागतात ते दोन-तीन.

शब्दाच्या शेवटची इ-उ दीर्घ लिहायची: कवी, पाटी, गुरू, लिंबू. पण शब्द समासात पुढे आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: कविसंमेलन, गुरुदक्षिणा. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' यांचा शेवट ऱ्हस्वच. 'आणी' ही दहावीची सगळ्यात लोकप्रिय चूक, आणि एका पेपरात ती चाळीस वेळा होऊ शकते.

दुसरा नियम कानाला कळतो. 'विहीर' म्हणा, आता 'विहिरीत' म्हणा. 'फूल', 'फुलांचा'. 'गरीब', 'गरिबाला'. प्रत्यय लागला की मधला स्वर आखडतो. संस्कृतमधून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आखडत नाहीत: शरीर, शरीराला. मोठ्याने बोलून बघितलं तर निम्मे शब्द कानच सुधारून देतो.

जाता जाता एक कबुली. या लेखात मी 'सांगितलं', 'वाटतं' असं लिहिलंय, कारण आपण गप्पा मारतोय. पेपरात 'सांगितले', 'वाटते' असं लिहायचं. कथेतल्या संवादात बोलीतलं रूप आलं तर बिघडत नाही.

## "मोबाइलवर दिवसभर वाचतच असतो की"

वाचतो, पण कसा? व्हॉट्सअॅपवर दोन ओळी वाचून अंगठा वर सरकतो. त्या वाचनात मागे जायची गरज पडत नाही. उताऱ्यात चौथं वाक्य कळायला पहिल्या वाक्याकडे परतावं लागतं. मोबाइल वाईट असं मी म्हणत नाही. त्यावर एखादा लांब लेख शेवटपर्यंत वाचून तीन वाक्यांत घरच्यांना सांगितला, तर तोही सारांशाचा सराव झाला.

दुसरी पळवाट 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची. सहापैकी पाच विषय धरतात, मराठी सोडून देऊ. टक्केवारीपुरतं जमेलही. पण गणिताच्या पेपरातलं शाब्दिक उदाहरण आणि विज्ञानातलं 'शास्त्रीय कारणे लिहा' वाचायला वेगळे डोळे मिळत नाहीत.

इंग्रजी माध्यमाच्या पालकांचा प्रश्न खरा आहे. त्यांच्या मुलाची ऐकण्याची बाजू बरी असते, अक्षरांची कच्ची. त्याला आधी गाइड नको, रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचणं हवं. शेजारी कुणीतरी बसून, न ओरडता.

## अक्षरंच अडत असतील तर

काही मुलं मनापासून प्रयत्न करूनही अडखळतात. अक्षरं उलटी होतात, ओळ सुटते, तोंडी मात्र उत्तर फडाफड देतात. त्याला आळस म्हणून मोकळं होऊ नये. वाचन-लेखनाशी जोडलेली अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर मंडळाकडून जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ही तपासणी आठवी-नववीतच करून घ्या. दहावीच्या डिसेंबरात धावपळ केली तर कागद वेळेवर हातात येत नाही. मीही माझ्या एका विद्यार्थ्याला दोन वर्षं 'लक्ष देत नाही' म्हणत राहिले होते. ते अजून टोचतं.

## शेवटची दहा मिनिटं

पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी हातात मिळायचा, शांतपणे वाचून काढायला. २०२३पासून ती दहा मिनिटं शेवटी जोडली आहेत. म्हणजे सकाळच्या सत्रात ११ला पेपर आणि लिहिणं एकदमच सुरू, आणि २ वाजून १० मिनिटांनी शेवट. मुलांना वाटतं वेळ वाढला. वेळ तेवढाच आहे, फक्त जागा बदलली. म्हणून पहिली पाच मिनिटं स्वतःच स्वतःला द्यायची. अपठित उतारा वाचायचा, निबंधाचा विषय ठरवायचा आणि मगच पेनाचं टोपण काढायचं. निबंध मागे पडू देऊ नका, २४ गुणांना किमान ५० मिनिटं राखून ठेवा.

शेवटच्या दहा मिनिटांत नवीन काही लिहायचं नाही. कृतींचे क्रमांक बघा, अ-आ-इ सकट. पत्रात विषयाची ओळ आहे का बघा. सगळे 'आणि' तपासा. सारांशाचे शब्द मोजा. स्वमत पुन्हा वाचून त्यात 'काळाची गरज' घालायचा मोह झाला तर पेन खाली ठेवा. आणि पुरवणी दोऱ्याने नीट बांधली आहे ना, ते बघा.